तेरा महिन्यांची सरहद्द

वीस-एक वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. लातूर येथील एका शाळेत मी तेव्हा मराठी शिकवीत असे. एके दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतील एक विद्यार्थी हातात पिवळा पडलेला कागद घेऊन माझ्याकडे आला. त्याच्या आजोबांना एस. टी. प्रवासाच्या सवलतीसाठी वयाचा पुरावा हवा होता. घरातील ट्रंक उपसताना हा कागद सापडला. मूळ दाखला उर्दूत होता. त्यास मराठी नक्कल जोडलेली होती आणि तीत लिहिले होते, 'जन्म : ३ दै १३४१'.

"सर," तो मुलगा गंभीरपणे म्हणाला, "१३४१ साली दिल्लीच्या गादीवर महंमद तुघलक होता, असे इतिहासाच्या तासाला शिकविले आहे. मग आमचे आजोबा त्याच्या वेळचे कसे? आणि 'दै' म्हणजे कोणता महिना?"

वर्गातील मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, कारण त्या मुलाचा प्रश्न अगदी रास्त होता. कागद खोटा नव्हता आणि लिहिणाराही चुकला नव्हता. आजोबांचा जन्म १९३१ च्या नोव्हेंबरात झाला होता. परंतु ज्या राज्यात तो झाला, त्या राज्याचे साल निराळे होते, महिने निराळे होते आणि पुढे एक दिवस असा आला, की त्या राज्यातील काळच जणू शेजारच्या मुलखापेक्षा निराळा ठरला.

प्रथम त्या सालाचे कोडे उलगडू. 'फसल' म्हणजे पीक. पिकाच्या हिशेबाने चालणारे साल ते फसली साल. मोगल अमदानीत कारभार हिजरी सनाने चाले. हिजरी वर्ष चांद्र आहे. ते सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. त्यामुळे सूर्याची बत्तीस वर्षे होतात तोवर चंद्राची जवळजवळ तेहतीस होतात. सारा जर चांद्र वर्षाने वसूल करावयाचा, तर बत्तीस पिके काढणाऱ्या शेतकऱ्याने तेहतीस वेळा सारा भरावा काय? ही अडचण ओळखून अकबराच्या काळात महसुलापुरते सौर मानाचे साल सुरू झाले. दक्षिणेत ते शहाजहानाच्या अमलात, हिजरी १०४६ म्हणजे इसवी १६३६ च्या सुमारास लागू झाले आणि तेथून पुढे ते सूर्याच्या चालीने चालू लागले. १६३६ तून १०४६ वजा करा, ५९० उरतात. म्हणून दक्षिणेतील फसली सालात ५९० मिळविले की इसवी सन निघतो. हैदराबाद संस्थानात हे वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई आणि त्याचे महिने इराणी नावांचे होते : आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, उर्दीबेहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. मराठवाड्यातील जुन्या सातबाऱ्यांच्या व खरेदीखतांच्या कागदांतून ही नावे आजही भेटतात. आपल्या बोलण्यातील 'मावेजा' आणि 'गिरदावर' हे शब्द त्याच कारभाराची आठवण आहेत. पुण्यामुंबईकडील माणसास ते ऐकून क्षणभर थबकावे लागते, हे आपण अनुभवले असेलच.

साल निराळे, हे एक. पण त्या राज्याचे निराळेपण सालापाशी थांबत नव्हते. त्याचे नाणे निराळे होते. त्यास 'हाली शिक्का' म्हणत आणि ब्रिटिश मुलखातील रुपयास 'कलदार'. सात हाली रुपयांना सहा कलदार असा साधारण भाव होता. टपालाची तिकिटे निराळी होती आणि ती राज्याच्या हद्दीतच चालत. आगगाडी राज्याची होती. सीमेवर जकातीची नाकी होती आणि त्या खात्यास 'करोडगिरी' हे नाव होते. राज्याचा विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैल, म्हणजे इंग्लंड आणि स्कॉटलंड मिळून जेवढी भूमी होते जवळजवळ तेवढा. जिल्हे सोळा. त्यांपैकी आठ तेलुगू भाषेचे, पाच मराठीचे व तीन कानडीचे. कारभाराची व वरिष्ठ शिक्षणाची भाषा मात्र उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षण एका भारतीय भाषेतून देण्याचा जो उपक्रम केला, तो स्वतःपुरता मोठाच होता, हे प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे. पण तुळजापूरच्या किंवा हदगावच्या शेतकऱ्याच्या मुलास ती भाषा आईची नव्हती. म्हणूनच हिप्परगे, अंबाजोगाई, सेलू, औरंगाबाद अशा ठिकाणी लोकांनी आपल्या पदरास खार लावून मराठी शाळा चालविल्या. हिप्परग्याच्या व अंबाजोगाईच्या शाळांत ज्यांनी मुलांना शिकविले, ते व्यंकटेश भगवानराव खेडगीकर पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने सर्व देशास परिचित झाले. एका शिक्षकाने एवढ्या मोठ्या लढ्याचे नेतृत्व केले, याचा मला शिक्षक या नात्याने नेहमीच अभिमान वाटत आला आहे.

आता लातूरची स्थिती पाहा. लातूर त्या वेळी उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. उदगीर, अहमदपूर आणि निलंगे हे भाग तर बिदर जिल्ह्यात मोडत. ते १९५६ साली उस्मानाबादेस जोडले गेले आणि लातूर जिल्हा झाला १९८२ साली. लातूरची बाजारपेठ पूर्वीपासून नावाजलेली. १८९७ साली सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ साली लातुरापर्यंत आली आणि या पेठेचा बाहेरच्या जगाशी संबंध जडला. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून ती चिमुकली गाडी मुरूड, ढोकी, येडशी करीत बालाघाटाची चढण उतरे आणि बार्शीस जाई. त्याच बाजूने २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून पाण्याची गाडी लातुरास आली, हे आपल्यापैकी बहुतेकांनी घरी ऐकले असेल. येडशी निजामाची होती, बार्शी इंग्रजांची. एका गाडीत बसून, एकच भाकरी अर्धी इकडे व अर्धी तिकडे खात, माणूस एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाई. तोवर त्यात विशेष असे कोणास वाटत नसे, कारण दोन्ही राज्यांच्या माथ्यावर छत्र एकच होते आणि ते ब्रिटिशांचे होते. १७९८ साली निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, तेव्हापासून हैदराबादचे सिंहासन इंग्रजांच्या बळावर उभे होते.

१५ ऑगस्ट १९४७ रोजी ते छत्र उठले. आणि येथे एक विलक्षण गोष्ट घडली.

एखादे साम्राज्य त्याच्या काळातून जसेच्या तसे उचलावे आणि दुसऱ्याच काळात नेऊन ठेवावे, अशी कल्पना पुष्कळ कथालेखकांनी केली आहे. त्यात राजा, सैन्य, शिक्के आणि दरबार जुनेच असतात, परंतु भोवतालचे जग मात्र नवे. अशा कथा वाचताना आपण त्यास करमणूक समजतो. मराठवाड्याने ही स्थिती तेरा महिने प्रत्यक्ष भोगली. हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी, ब्रिटिशांची सार्वभौम सत्ता संपताच आपण स्वतंत्र होऊ, असे जून १९४७ मध्येच जाहीर केले होते. त्यामुळे १५ ऑगस्टच्या सकाळी बार्शीत तिरंगा फडकत होता आणि तेथून एका दिवसाच्या प्रवासावर लातुरात तो फडकविणे हा गुन्हा होता. बार्शीत १९४७ साल होते, लातुरात १३५६. एरवी हा केवळ आकड्यांचा फरक होता. त्या सकाळी तो आकड्यांचा राहिला नाही. स्वामी रामानंद तीर्थ यांस त्याच दिवशी हैदराबादेत अटक झाली.

इतिहासातील 'जर' आणि 'तर' यांची चर्चा येथे थोडी करावी लागेल. 'असे झाले असते तर' हा प्रश्न इतिहासात विचारू नये, असे पुष्कळ विद्वान मानतात. झाले ते झाले, असे ते म्हणतात. परंतु शास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर (१९३८–२०२५) यांनी हाच प्रश्न घेऊन 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही एक सुंदर विज्ञानकथा मराठीत लिहिली. तिचे नायक गंगाधरपंत गायतोंडे हे इतिहासाचे प्राध्यापक आहेत. पानिपताचा विचार मनात घोळत असता त्यांस अपघात होतो आणि ते अशा एका जगात जाऊन पोचतात, जेथे मराठे पानिपतावर हरलेलेच नाहीत. विश्वासरावास लागलेली गोळी त्या जगात त्यास न लागता बाजूने निघून गेलेली असते. तेवढ्या एका गोळीने पुढील दोनशे वर्षांचा इतिहास बदलतो. ईस्ट इंडिया कंपनी मुंबईपुरती उरते आणि मुंबईस जाणाऱ्या प्रवाशांची हद्दीवर तपासणी होते! म्हणजे पाहा, आपल्या जगातील राज्यकर्ते त्या जगात एका कोपऱ्यात, जुन्या काळाच्या अवशेषासारखे राहिलेले. ही कथा प्रथम वाचली, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आली ती येडशी-पांगरीची सरहद्द. नारळीकरांनी जे कल्पनेने रचले, ते आमच्या वाडवडिलांनी तिकीट काढून पाहिले होते.

मात्र लातूर जिल्ह्यातील मुलांनी पानिपताचा 'जर' शोधण्यासाठी पानिपतास जाण्याचे कारण नाही. तो आपल्या उदगिरास आहे. फेब्रुवारी १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंनी उदगीरजवळ निजामाचा मोठा पराभव केला. निजामाचे सैन्य कोंडले गेले. मराठ्यांच्या बाजूने इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने मोठेच काम केले. हा इब्राहिमखान फ्रेंचांच्या पद्धतीने तयार झालेला आणि पूर्वी निजामाकडेच चाकरीस असलेला. तहात निजामाने सुमारे साठ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख व दौलताबादेसारखे बळकट किल्ले दिले. दक्षिणेतील निजामाची सत्ता अगदी क्षीण झाली. आता आणखी एक-दोन मोहिमा, आणि तिचा निकाल लागावा, असा तो क्षण होता.

इतक्यात उत्तरेकडून बातमी आली. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या काठी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. अब्दाली दिल्लीच्या दारात होता. पेशव्यांचा मुक्काम तेव्हा आताच्या जालना जिल्ह्यातील परतूर येथे होता. तेथे खलबते झाली आणि १४ मार्च १७६० रोजी भाऊंनी उत्तरेकडे कूच केले. उदगिरास जिंकलेला तोफखाना आणि सेनापती तोच. बरोबर दहा महिन्यांनी, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. इकडे निजाम सावरला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या रोखाने चालून आला! पुढे १७६३ साली थोरल्या माधवरावांनी गोदाकाठी राक्षसभुवन येथे त्याला हरविले, १७९५ साली मराठ्यांनी त्याला खर्ड्यास पुन्हा हरविले, तरी राज्य टिकले ते टिकलेच. मग इंग्रजांचे कवच मिळाले आणि ते १९४८ पर्यंत पोचले.

परतुरास निर्णय निराळा झाला असता, तर? भाऊ दक्षिणेतच राहिले असते, तर मराठवाड्यात फसली साल, हाली शिक्का, करोडगिरी यांपैकी काय उरले असते? या प्रश्नावर मी अनेक रात्री घालविल्या आहेत. आणि दर वेळी एका गोष्टीशी अडखळलो आहे. उदगिराचा विजय पुरा करावयाचा तर उत्तर सोडावी लागत होती. दिल्लीचे रक्षण ही मराठ्यांनी पत्करलेली जबाबदारी होती. ती सोडून दक्षिणेत बसलेले मराठे हे मग ते मराठे राहिलेच नसते. म्हणजे आपण एक घटना बदलू म्हणतो आणि ती घटना आपल्याबरोबर दहा गोष्टी ओढून आणते.

'जर-तर'चा खेळ खेळावयाचा तर तो नियमाने खेळावा. बदल एकच करावा, आणि तोही त्या काळी खरोखर घडू शकला असता असा. त्यापुढील प्रत्येक पाऊल कारणाच्या आधारे टाकावे. आपणांस जे हवे ते घडवून आणण्यासाठी हा खेळ नाही. बहुतेक लोक येथेच चुकतात. पानिपत जिंकले असते तर सर्वत्र आबादीआबाद झाली असती, असे मानणारी मंडळी मला पुष्कळ भेटली. त्यांपैकी एकानेही, त्या आबादीआबादीत महसूल कोण गोळा करणार होता आणि शिंदे-होळकरांचे भांडण कोण मिटविणार होते, हे सांगितले नाही.

हाच नियम हैदराबादच्या तेरा महिन्यांस लावून पाहू. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार व निजाम यांच्यात 'जैसे थे' करार झाला, तो एका वर्षासाठी. समजा, तो पुढेही चालत राहिला असता. तेरा महिन्यांची तेरा वर्षे झाली असती. हे अगदीच अशक्य होते काय? गोवा पाहा. पोर्तुगिजांचा गोवा १५१० पासून १९ डिसेंबर १९६१ पर्यंत, म्हणजे भारत स्वतंत्र झाल्यावरही चौदा वर्षे, आपल्या जुन्या काळात राहिला. सावंतवाडीच्या माणसास पेडण्यातील नातलगास भेटणे म्हणजे परदेशगमन होते. मग हैदराबाद का राहू शकले नसते?

कारणे शोधू गेल्यास ती नकाशातच सापडतात. गोव्यास समुद्र होता आणि समुद्रापलीकडे पाठीराखा देश होता. हैदराबाद चहूबाजूंनी भारताने वेढलेले होते. त्यास एकही बंदर नव्हते. लातूरची तूर आणि नांदेडचा कापूस यांना बाहेर पडण्यास भारतातूनच वाट होती. प्रजेतील बहुसंख्य लोक ज्या भाषा बोलत, त्या भाषांचे भाऊबंद सीमेच्या पलीकडे होते. राज्याला टेकू देणारी इंग्रजी फौज गेली होती. तिची जागा घ्यावयास जी संघटना पुढे आली, ती रझाकारांची. तिचा पुढारी कासीम रझवी हा लातुरात वकिली करणारा. माणसांना भय दाखवून राज्य थोडे दिवस राखता येते. पण त्या भयानेच गावेच्या गावे बार्शी-सोलापूरकडे निघून जाऊ लागली, शेते पडीक राहू लागली आणि सीमेवरील कॅम्पांतून तरुण शस्त्रे घेऊन परत येऊ लागले. उदगीरजवळ हत्तीबेटाच्या परिसरात किसान दलाचे लोक लढले. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यात उमरी येथील बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. त्याच दिवशी दिल्लीस महात्माजींची हत्या झाली. म्हणून माझे मत असे, की तेरा महिन्यांचे फार तर वीस-बावीस महिने झाले असते. तेरा वर्षे होणे शक्य नव्हते. आपले मत निराळे असू शकेल. कारणे मात्र द्यावी लागतील.

पण त्या वाढलेल्या महिन्यांत काय झाले असते, हा विचार मनात आला की खेळ खेळ राहत नाही. कारण ज्या महिन्यांची आपण वजाबाकी-बेरीज करतो, त्यांत माणसे मरत होती. हैदराबादेतील 'इमरोज' या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी, संस्थान भारतात विलीन व्हावे, असे निर्भयपणे लिहिले. ऑगस्ट १९४८ मध्ये भर रस्त्यात त्यांची हत्या झाली. भारतीय सैन्य महिनाभर आधी आले असते, तर हा माणूस जगला असता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सैन्य सोलापूरकडून नळदुर्गात शिरले, आणि पाचव्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. १५ ऑगस्ट धरून मोजले तर तो ४०० वा दिवस होता.

त्यानंतरचे काही आठवडेही मला वगळता येत नाहीत, जरी ते वगळण्याची आपल्याकडे रीत आहे. रझाकारांनी केलेल्या अत्याचारांचा सूड ज्यांनी ते अत्याचार केले नव्हते अशा मुसलमान कुटुंबांवर अनेक गावी उगविण्यात आला. त्यात उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा हे जिल्हे फार होरपळले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसाठी समिती पाठविली. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. ज्या शेजाऱ्याने वर्षभर रझाकारांपासून शेजाऱ्यास लपविले, त्यालाच पुढच्या महिन्यात लपण्याची पाळी यावी, अशा कथा जुनी माणसे हळू आवाजात सांगत. मुक्तीचा आनंद खराच होता. हेही खरेच होते.

त्या दाखल्याच्या मालकांस मी शाळेत बोलाविले. ते धोतर नेसून, डोक्यास पटका बांधून, नातवाचा हात धरून आले. वर्गाने उभे राहून त्यांना नमस्कार केला. जन्म १९३१ चा, म्हणजे १५ ऑगस्ट १९४७ रोजी त्यांचे वय पंधरा वर्षांचे. ते त्या दिवशी मामाबरोबर बार्शीस गेले होते.

"दुकानादुकानावर झेंडे होते," ते सांगू लागले. "एक कागदी झेंडा मी मागितला. एक आणा पडेल म्हणाला. माझ्याजवळचा आणा हाली होता. दुकानदार म्हणाला, हा आता इथं चालायचा नाही. मामानं कलदार दिला. झेंडा घडी करून भाकरीच्या फडक्यात, दोन भाकरींच्या मधे ठेवला. परतताना करोडगिरीच्या शिपायानं कापडासाठी गाठोडी उलगडून पाहिली. माझं फडकं हातात घेतलं, वास घेतला आणि विचारलं, ठेचा आहे का? मी आहे म्हटलं. त्यानं एक भाकरी काढून घेतली. नशीब माझं, वरची घेतली, आणि झेंडा खालच्या भाकरीला चिकटलेला होता."

मुले श्वास रोखून ऐकत होती.

"घरी आई घाबरली. बाप बोलला नाही. त्यानं झेंडा घेतला आणि कणगीच्या तळाशी ठेवून वर ज्वारी ओतली. तेरा महिने आम्ही त्या झेंड्यावरची ज्वारी खाल्ली. पुढच्या सप्टेंबरात बातमी आली तेव्हा कणगी उपसली. हिरव्या पट्ट्याचा कोपरा उंदरांनी खाल्ला होता. आई म्हणाली, असा फाटका लावू नये. बाप म्हणाला, हाच लावायचा."

नातवाने विचारले, "आजोबा, आणि सैन्य आलंच नसतं तर?"

आजोबांनी बराच वेळ विचार केला. "मग काय," ते म्हणाले, "सुगी आली की जुनी ज्वारी काढावी लागते, नवी भरावी लागते. दर साली तो झेंडा काढून पुन्हा तळाशी ठेवावा लागला असता. कागद किती सुगी टिकला असता, सांगता येत नाही."

निघताना मी तो दाखला त्यांच्या हाती दिला आणि म्हटले, "कचेरीत अडचण येऊ नये, म्हणून वर पेन्सिलीने १९३१ लिहून देऊ का?"

"वेगळ्या कागदावर लिहा, सर," ते म्हणाले. "ह्याच्यावर नको. ह्याच्यावर जे साल होतं, तेच राहू द्या."

स्वाध्याय

१. फसली १३१०, १३३३ व १३५७ ही वर्षे इसवी सनाच्या कोणत्या वर्षी सुरू झाली, ते काढा. सारावसुलीस हिजरी वर्ष का गैरसोयीचे ठरले, ते आपल्या शब्दांत सांगा.

२. 'नारळीकरांनी जे कल्पनेने रचले, ते आमच्या वाडवडिलांनी तिकीट काढून पाहिले होते,' असे लेखकाने का म्हटले आहे?

३. हैदराबाद संस्थान फार काळ स्वतंत्र राहू शकले नसते, या मतासाठी लेखकाने दिलेली कारणे तपासा. त्यांपैकी आपणांस दुबळे वाटणारे कारण कोणते, आणि का?

४. घरातील किंवा गावातील एखादा जुना कागद मिळवा. त्यावरील साल, महिना, नाणे व भाषा यांची नोंद करा. कागदावर मात्र काही लिहू नका.